पंडिता रमाबाई : पुराणाच्या पोथीपासून मराठी बायबलापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींची सूचना आली, तेव्हा आमच्यापुढे पुष्कळ नावे होती. शिवछत्रपती, ज्ञानदेव, लोकमान्य यांच्यावर लिहिणारे आमच्याहून अधिकारी लेखक आपल्या मंडळात आहेत. आम्ही पंडिता रमाबाईंची निवड केली. तिचे पहिले कारण असे की, बाई आपल्यासारख्याच बृहन्महाराष्ट्राच्या रहिवासी. जन्म आजच्या कर्नाटकात, विद्वत्तेची मान्यता कलकत्त्यास, विवाह बिहारात आणि संसार आसामात! वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या पुण्यास राहावयास आल्या, तोवर महाराष्ट्राशी त्यांचा संबंध होता तो मुख्यत्वे आईवडिलांच्या तोंडच्या भाषेचा. आणि दुसरे कारण असे की, या बाईंनी आयुष्याची शेवटची सुमारे सतरा-अठरा वर्षे ज्या एका ग्रंथाच्या मराठी रूपांतरासाठी वेचली, त्याची हकीगत आपल्या घरांतून फारशी कोणास ठाऊक नाही. आम्ही ख्रिस्ती नाही. तरीही ती हकीगत आम्हांस फार मोलाची वाटते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मूळचे मंगळूर भागातले. विद्येसाठी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे राहिले. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात एका राणीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक निघतात हे तरुण अनंतशास्त्र्यांनी प्रथम तेथे ऐकले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावयाचे असा निश्चय केला. घरच्या मंडळींच्या विरोधामुळे पहिल्या पत्नीच्या बाबतीत तो सिद्धीस गेला नाही. ती वारल्यावर, चव्वेचाळीस वर्षांच्या वयात, त्यांनी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी विवाह केला. असा विवाह आज आपल्याला रुचणार नाही. परंतु त्याच गृहस्थाने या मुलीस संस्कृतात पारंगत केले, हेही तितकेच खरे. त्याबद्दल उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी जुन्या ग्रंथांतील आधारांची रास पुढे मांडली आणि स्त्रियांस संस्कृत शिकविणे शास्त्रविरुद्ध नाही, असे सिद्ध केले. रोजच्या जगण्यातील अडचणीचे उत्तर प्राचीन ग्रंथ उघडून शोधावयाचे, हा वारसा रमाबाईंस येथून मिळाला.

सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात शास्त्रीबुवांनी आश्रम बांधला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. अतिथींच्या सरबराईत द्रव्य संपले, आणि मूल सहा महिन्यांचे असतानाच कुटुंब घाट उतरले. वेताच्या पेटाऱ्यात घालून तान्ह्या रमेस खाली आणण्यात आले. तेव्हापासून वीस वर्षे या कुटुंबास घर असे नव्हते. तीर्थक्षेत्री जावे, देवळात वा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर निर्वाह करावा, आणि पुढचे क्षेत्र गाठावे. लेकीचे शिक्षण आईने केले. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले. मराठी मात्र कोणी मुद्दाम शिकविले नाही. आईवडील घरात शुद्ध मराठी बोलत, मराठी पुस्तके व वर्तमानपत्रे वाचीत, एवढ्यावरच ती भाषा मुलांच्या अंगी मुरली. बदलीच्या नोकरीत मुलांचे मराठी कसे टिकवावे, याची चिंता करणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

या पुराणकथनाचा एक विशेष बाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदविला आहे. पुराणिक संस्कृत श्लोक मोठ्याने वाची. लोक येत, पोथीस नमस्कार करीत, फुले-फळे-पैसा ठेवीत आणि जात. अर्थ सांगण्याची गरज वक्त्यास वाटत नसे आणि तो विचारण्याची श्रोत्यांस. श्रवणानेच पुण्य मिळते, अशी दोघांचीही श्रद्धा! ज्या मुलीने हे वर्षानुवर्षे पाहिले आणि स्वतः केलेही, तिने उतारवयात काय केले, हे समजून घेण्यास हा तपशील उपयोगी पडतो.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात कुटुंबाची उपासमार सुरू झाली. प्रथम वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली. आईचे प्रेत वाहण्यास चार माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमाबाई. ती इतकी ठेंगणी की तिरडी खांद्यावर बरोबर येईना, म्हणून तिने ती डोक्यावर घेऊन सुमारे तीन मैल वाहिली. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही वारली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडत, उत्तर हिंदुस्थान पालथा घालीत, १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली.

कलकत्त्याने या वीस वर्षांच्या मुलीस डोक्यावर घेतले. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचावयास सुचविले. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावयाची म्हणून बाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचण्यास आरंभ केला, आणि येथेच त्यांच्या श्रद्धेस पहिला मोठा तडा गेला. एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्रीच्या हीनत्वाबद्दल मात्र एकमताने बोलतात, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष एकांगी आहे असे म्हणणारे विद्वान तेव्हाही होते, आजही आहेत. पण उपाशीपोटी ज्या ग्रंथांची सेवा केली, त्यांत आपल्यासारखीला जागा नाही असे एका तरुण स्त्रीस वाटावे, यातील दुःख वादाच्या पलीकडचे आहे.

१८८० च्या मे महिन्यात ढाक्यास भाऊ वारला. त्याच वर्षी बांकीपूर येथे बिपिनबिहारी मेधवी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी बाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि दोघे आसामात सिल्चरला राहू लागली. पतीच्या पुस्तकांत एक दिवस त्यांना बंगाली भाषेतील एक लहानसे पुस्तक सापडले. ते लूकचे शुभवर्तमान होते. आयझॅक ॲलन नावाचे एक मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा समजावून सांगत. बाईंस त्यात गोडी वाटू लागली. पतीस मात्र त्यांनी उघडपणे ख्रिस्ती व्हावे हे मान्य नव्हते. कन्या मनोरमा १६ एप्रिल १८८१ रोजी जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधवी पटकीने गेले. विवाहास दोन वर्षेही झाली नव्हती.

मुलीला घेऊन बाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. या पुस्तकाची भाषा लक्षात ठेवण्यासारखी आहे. तीत लांबलचक समास, संस्कृत वचनांची गर्दी आणि पंडिती डौल आहे. ज्या स्त्रियांसाठी ते लिहिले, त्यांतील फार थोड्यांस ते वाचता आले असेल. त्याच्या विक्रीतून विलायतेचे भाडे मात्र निघाले. वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ मध्ये त्या मुलीसह आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम झाला. कानांच्या दोषामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला.

त्या मठाच्या लंडनमधील फुलहॅम येथील शाखेत बाईंनी एक दृश्य पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे सन्मानाने राहत होत्या, काम शिकत होत्या, आणि त्यांतील काही आता दुसऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. हे कशामुळे, असे बाईंनी विचारता तेथील भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाण्यास आलेली, गावाने नाव ठेवलेली ती बाई. तिच्याजवळ येशू पाणी मागतो आणि ईश्वराची खरी उपासना कोणती, हा गहन विषय तिच्याशीच बोलतो. त्या चौथ्या अध्यायाने बाईंच्या मनाचा निर्णय झाला. नेहेम्या ऊर्फ नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या शंका फिटल्या. याच काळात आनंदीबाई भगत यांनी विष घेऊन जीवनाचा अंत केला. तो आघात ताजा असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात संतापाची लाट उसळली. बाई गोऱ्या मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले झाल्या, असा समज झाला आणि पुष्कळ काळ तो टिकला. प्रत्यक्ष पत्रव्यवहार पाहिला तर चित्र निराळेच दिसते. पंथाचे एकेक मत बाई तपासून घेत. जे शास्त्रात आपल्या डोळ्यांनी सापडले नाही, ते धर्माधिकाऱ्याच्या सांगण्यावरून मानावयास त्या तयार नसत. वडील उडुपीच्या सभेत जसे उभे राहिले, तशीच ही लेक इंग्लंडात उभी राहिली. मुलग्यांस त्यांनी शिकवू नये, असे बिशपांनी म्हणताच त्यांनी तीव्र हरकत घेतली. क्रूसावर लॅटिन अक्षरे होती, तेव्हा हिंदी माणसास लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र का वाटावे, असा रोखठोक प्रश्न त्यांनी केला. मांसाहार त्यांनी जन्मभर केला नाही; पुडिंगमध्ये अंडे असेल तर तेही त्या खात नसत. हा जातीचा अहंकार आहे असे भगिनी जेराल्डिन यांस वाटे. आमच्या मते तो अहंकार नव्हता. आपण कोठून आलो, हे विसरण्यास नकार होता, इतकेच.

चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व संस्कृत शिकविले. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, बोस्टन येथे त्यांच्या नावे साहाय्यक संस्था उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

सदन पुढील वर्षी पुण्यास आले, आणि १८९३ मध्ये त्यावर वादळ कोसळले. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असा सदनाचा नियम होता. बाई आपल्या खोलीत रोज बायबल वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपखुशीने येऊन बसत. दार बंद करावे अशी सल्लागारांची अपेक्षा, ते करणार नाही असा बाईंचा आग्रह. रानडे व भांडारकर यांनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने झोड उठविली, आणि वीस-पंचवीस मुलींस पालकांनी काढून नेले. आम्हांस दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते. ज्या घरातील विधवा लेक मोठ्या विश्वासाने पाठविली, त्या घरास धास्ती वाटणे स्वाभाविक होते. परंतु केशवपनापासून आणि उपासमारीपासून सुटलेल्या मुलीस परत त्याच माजघरात नेणाऱ्यांनी तिची पुढची काय सोय केली, हाही प्रश्न विचारावाच लागतो. त्याचे उत्तर कर्व्यांनी १८९६ मध्ये स्वतःची संस्था काढून दिले. इतरांनी दिले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी पोरींचे तांडे, त्यांना गोळा करणारे दलाल, सरकारी केंद्रांतील अनाचार, सारे त्यांनी पाहिले. त्यांना वीस-बावीस वर्षांपूर्वीचे आपले कुटुंब आठवले. पहिल्या फेऱ्यांतच मुलींची संख्या शेकड्यांत गेली. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना ठेवावयास जागा नाही! पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन होती. तेथे झोपड्या उभारल्या. त्याच साली प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविरुद्ध बाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहिले. ते प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले आणि सरकारने आरोप नाकारले. सरकारी कागदपत्रांत उभी हयात घालविलेल्या आम्हांस त्या नाकारण्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

१८९८ मध्ये मुक्तिसदन सुरू झाले, आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांचा आकडा दोन हजारांच्या जवळपास पोचला. बायबलातील एकेक प्रसंग केडगावास इमारत होऊन उभा राहिला, असे म्हणता येईल. फुलहॅमला ऐकलेली शोमरोनी स्त्री पतितांसाठीच्या कृपासदनात आली. येशूकडे दृष्टी मागणाऱ्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्यावरून अंध स्त्रियांच्या सदनाचे नाव ठेवले गेले, आणि मनोरमेने तेथे ब्रेल लिपी शिकविण्याची सोय केली. वृद्धांसाठी प्रीतिसदन झाले. मुली शेत करीत, गाई पाळीत, हातमाग चालवीत, घाण्यावर तेल काढीत, खिळे जुळवून छापखाना चालवीत. बायबलातील नीतिसूत्रे या पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात एका गृहिणीचे वर्णन आहे. ती पहाटेपूर्वी उठते, लोकर आणि ताग विणते, स्वतः पारखून शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते आणि गरिबास हात देते. केडगावचा दिनक्रम वाचताना आम्हांस तो अध्याय वारंवार आठवला. आकाशातील पाखरांप्रमाणे उद्याची चिंता करू नये, ही शिकवण बाईंनी अक्षरशः पाळली व कोणाकडे वर्गणी मागितली नाही, असे त्यांचे भक्त सांगतात. ते खरे आहे. मात्र विहिरी त्यांनी आधी खणून ठेवल्या आणि पै-पैचा हिशोब लिहिला, हेही सांगितले पाहिजे. १९०५ मध्ये मुक्तिसदनात झालेल्या धार्मिक जागृतीबद्दल जगभर लिहिले गेले आहे. तो विषय आमच्या अधिकाराबाहेरचा.

आता त्या ग्रंथाकडे येऊ. मराठी बायबल तोवर नव्हते असे नाही. श्रीरामपुरास विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नव्या कराराचे भाषांतर छापले होते, आणि नंतर मुंबईच्या मिशनऱ्यांनी ते काम पुष्कळ पुढे नेले होते. परंतु पंडितांच्या मदतीने सिद्ध झालेल्या त्या भाषेवर संस्कृताची छाया दाट होती. केडगावच्या मुली बहुतेक खेड्यांतल्या, कित्येक गुजरात व मध्य प्रांतातल्या. मराठी त्या तेथेच शिकल्या होत्या. पुस्तक हातात आहे, पण अर्थ लागत नाही, अशी त्यांची अवस्था. देवळातल्या पुराणाचाच हा दुसरा अवतार! शिवाय काही संस्कृत शब्दांबरोबर वेदान्ताचे आणि पुराणांचे अर्थही नकळत आत शिरतात, हे संस्कृत जाणणाऱ्या बाईंच्या लक्षात येत होते.

तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या, कानांनी अधू झालेल्या, हजारो माणसांच्या पोटापाण्याचा भार वाहणाऱ्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकावयास घेतल्या. इंग्रजीवरून भाषांतर केले असते तर कोणी दोष दिला नसता. पण मूळ सोडून दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबणे हा त्यांचा स्वभावच नव्हता. हिब्रूचे व्याकरण त्यांनी मराठीत लिहिले. ग्रीक व हिब्रू अक्षरांचे खिळे जुळविण्यास मुलींस शिकविले. प्रथम नवा करार, मग जुना, असे काम वर्षानुवर्षे चालले. ज्या लेखणीतून ‘स्त्रीधर्मनीति’चे समास उतरले होते, त्याच लेखणीने आता सोपा शब्द शोधावयाचा, आणि तो खेड्यातल्या बाईस कळतो की नाही हे पाहून मगच ठेवावयाचा, हा नेम झाला. ज्ञान मिळविण्याहून ते बाजूस ठेवणे किती कठीण, हे ज्यांनी कार्यालयात साध्या मराठीत वा हिंदीत एखादे परिपत्रक लिहून पाहिले असेल, त्यांस कळेल.

भाषांतर निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. मुळाशी शब्दशः इमान राखण्याच्या हट्टाने वाक्ये कोठे कोठे अडखळतात. लयीचा आनंद थोडा. चर्चमध्ये बायबल सोसायटीची आवृत्तीच रूढ राहिली, बाईंची आवृत्ती तिची जागा घेऊ शकली नाही. तरी ती आजही वाचावयास मिळते. रूथची कथा तीत वाचावी, असे आम्ही आमच्या वाचकांस सुचवितो. नवरा गेलेली परमुलखातली सून, तिची म्हातारी सासू, आणि कापणीच्या शेतात वेचलेले सरवे. गरिबांसाठी शेताच्या कडा कापू नयेत, हा तेथील जुना नियम. विधवेचा पुनर्विवाह त्या कथेत किती सहजपणे, गावाच्या आशीर्वादाने होतो! आपल्या आजीपणजीच्या पिढीतील एखादी बालविधवा डोळ्यांपुढे आणून ती वाचली म्हणजे केडगावच्या मुलींनी या पुस्तकात काय पाहिले असेल, याची कल्पना येते.

१९१९ मध्ये सरकारने बाईंस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढावयास १९८९ साल उजाडले. जिच्या हाती संस्था सोपवावयाची, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी गेली. पित्याचे, मातेचे, बहिणीचे, भावाचे, पतीचे आणि आता एकुलत्या एक मुलीचे मरण बाईंनी पाहिले. त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. प्रकृती ढासळत होती, आणि काम संपेपर्यंत आयुष्य मिळावे एवढीच त्यांची प्रार्थना होती, असे सांगतात. शेवटची मुद्रिते हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. छपाईचे काम त्यांच्या मुलींनी चालू ठेवले. १९२४ मध्ये संपूर्ण मराठी बायबल मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले.